पुराआधी भरून ठेवायची पिशवी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडची अनेक गावे वेढली होती. अशा वेळी मदत येते, पण ती पोहोचेपर्यंतचे दोन-तीन दिवस घराला स्वतःच्या बळावर काढावे लागतात. बाजारपेठच पाण्यात असेल तर औषधाचे दुकानही बंदच असते. म्हणून आपत्कालीन पिशवी भरताना बॅटरी आणि बिस्किटांच्याही आधी घरातल्या माणसांच्या औषधांचा विचार करायला हवा.

रोजची औषधे : रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, अपस्मार यांची किमान आठवडाभराची औषधे वेगळी ठेवावीत. फिट येऊ नये म्हणून घेतली जाणारी गोळी अचानक बंद झाली, तर झटका येण्याचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा खंडही त्रासदायक ठरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत सोबत असली की निवारा केंद्रातल्या वैद्यकीय पथकाचे काम सोपे होते. वीज गेल्यावर इन्सुलिनचे काय, हा अनेक घरांतला प्रश्न. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन उन्हापासून दूर, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवाव्यात. बर्फाला थेट लावू नयेत, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

पाणी : पिणे आणि जुजबी वापर धरून माणशी दिवसाला सुमारे चार लिटर, म्हणजे चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर पाणी लागते. ते पिशवीत मावणार नाही. त्यामुळे हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की स्वच्छ कॅन, हंडे, कळशा भरून उंचावर ठेवाव्यात. पिशवीत क्लोरीनच्या गोळ्या असाव्यात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. गढूळ पाणी आधी निवळून, फडक्याने गाळून मग उकळावे किंवा त्यात वेष्टनावरील प्रमाणात क्लोरीनची गोळी टाकावी.

पूर ओसरल्यावर : खरे आजार तेव्हा सुरू होतात. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे हवीतच. ती संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले हे जंतू पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून पाणी आत न जाणाऱ्या जखमेच्या पट्ट्या, जंतुनाशक मलम, साबण पिशवीत हवेत आणि शक्य तर गमबूट जवळ ठेवावेत. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप, अंगदुखी किंवा पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर मनाने औषध न घेता डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

याशिवाय : बॅटरी आणि जादा सेल, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक, चुरमुरे, चणे, शेंगदाण्याची चिक्की, सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळाचे सामान, जादा चष्मा. आधार, रेशनकार्ड, विमा यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. थोडी रोख रक्कमही हवी, कारण वीज आणि नेटवर्क गेले की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी. गॅस गळत असेल तर ज्योत घातक ठरते. ११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.

पिशवी पाठीवर घेता येईल अशी, आणि माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात असावी. ती कुठे आहे हे आजी-आजोबा आणि मुलांनाही माहीत हवे. मे महिन्याच्या अखेरीस आणि दिवाळीच्या साफसफाईत ती उघडून औषधांवरच्या तारखा पाहाव्यात. मुदत संपत आलेली औषधे रोजच्या वापरात घेऊन त्या जागी नवी ठेवावीत.