गाडी माझ्या मापाची

नवी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे आधी रंग ठरतो. मग अ‍ॅव्हरेज किती देते, शेजारच्यांनी कोणती घेतली, डिकीत सिलिंडर मावतो का, हप्ता किती बसेल, अशी चर्चा जेवताना आठवडाभर चालते. पण जी व्यक्ती ती गाडी रोज चालवणार, तिला त्या सीटवर नीट बसता येतं का, हे कुणी विचारत नाही. मध्यम उंचीच्या माणसाला हा प्रश्न पडायचं कारणही नाही म्हणा. मला पडतो, कारण माझी उंची पाच फूट दहा इंच आहे.

हो, बरोबर वाचलंत. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम शेवटची. लग्नाच्या वेळी ‘मुलगी चांगली आहे हो, पण...’ या ‘पण’वर दोन वर्षं अडकलेली. आमचे हे पाच फूट सहा. हार घालताना त्यांच्या मित्रांनी त्यांना चक्क उचलून धरलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात उंचीवरून विनोद करायला कुणाची परवानगी लागत नाही. स्वयंपाकघरातला ओटा सासूबाईंच्या मापाचा, त्यामुळे पोळ्या लाटताना कमरेत वाकायचं. बसमध्ये गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. उंच बाईला वाकायची इतकी सवय होते, की आपण वाकलोय हेच तिच्या लक्षात येत नाही. जुन्या गाडीत मी नऊ वर्षं तशीच बसले. मान पुढे, पाठ गोल, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना.

बचत गटांच्या कामासाठी आठवड्यातून तीन-चार दिवस मी कराडहून ढेबेवाडी खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर जाते. कधी बँकेची कागदपत्रं, कधी पापडाच्या पिठाची पोती. आणि कधी रात्रीचा फोन. एकशेआठची गाडी यायला वेळ लागेल असं दिसलं, तर मीच किल्ली उचलते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अशीच एका बाळंतिणीला आणत होते. वळणावर अचानक म्हैस आडवी आली. पाय ब्रेककडे न्यायला गेले तर उजवा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. क्षणभरच, पण तेवढ्यात गाडी किती पुढे गेली! म्हशीच्या शेपटाशी येऊन थांबलो. मागच्या सीटवरच्या त्या पोरीला काही कळलं नाही, तिच्या तिला कळाच इतक्या येत होत्या. माझे हात मात्र दवाखान्याच्या दारापर्यंत थरथरत होते. तेव्हाच ठरवलं, पुढची गाडी माझ्या मापाची.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना. दसऱ्याच्या तोंडावर शोरूममध्ये ही गर्दी, जणू गाड्या नाही, साड्याच सेलला लागल्यात! आम्ही मुद्दाम दसरा जाऊ दिला. मुहूर्तापेक्षा मला निवांत बसून बघायचं होतं.

पहिल्या शोरूममध्ये दार उघडून त्या मुलाने यांना म्हटलं, “या सर, बसून बघा.” हे म्हणाले, “गाडी मॅडम चालवणार आहेत.” तो हसला, “हो हो,” म्हणाला आणि इंजिनाची माहिती परत यांनाच सांगू लागला. माझ्या वाट्याला आला आरसा लावलेला सन व्हायझर आणि ‘मॅडम, यात लाल रंग पण आहे’. मी काही बोलले नाही. पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि सीट पूर्ण मागे सरकवून बसले. तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला.

आता इथे जरा तपशिलात सांगते, कारण हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी बाहेरून उंच दिसते म्हणजे आत उंच माणूस मावतो, असं नाही. आपल्याकडे १९९८ मध्ये सँट्रो आली आणि १९९९च्या अखेरीस वॅगन-आर. त्यांना ‘टॉल बॉय’ म्हणायचे. यामागची कल्पना साधी होती. गाडीची लांबी वाढवता येत नसेल तर छत उंच करा आणि माणसाला खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसवा. ताठ बसलं की पाय पुढे लांब पसरावे लागत नाहीत. आजच्या वॅगन-आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे आणि नव्या स्विफ्टची १५२०. म्हणजे अर्ध्या फुटाचा फरक. पण जमिनीपासून छतापर्यंतची ही उंची कागदावरची. सीट किती वर बसवलीय, मागे किती सरकते, स्टिअरिंग कुठे येतं, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते बसूनच कळतं.

छतापासून सुरुवात करा. दार लावून, पाठ पूर्ण टेकवून बसायचं आणि डोक्यावर मूठ उभी धरायची. ती मावली पाहिजे. बायकांनी अंबाडा किंवा क्लिप घालूनच बसावं, कारण रोज तशाच बसणार आहोत ना? एका गाडीत माझा अंबाडा मागच्या उशीला असा काही टेकला, की मान आपोआप पुढे! ती उशी आरामासाठी नसते बरं का. मागून धक्का बसला तर मान मागे झटकू नये म्हणून असते, आणि तिचा वरचा काठ निदान कानाच्या वर आला पाहिजे. काही गाड्यांत उशी सीटलाच जोडलेली असते, वर उचलता येत नाही. माझ्या उंचीला ती खांद्याच्या जरा वर येते, म्हणजे असून नसल्यासारखी.

सनरूफबद्दल घरात मतभेद होते. हे म्हणाले, “अगं, घेऊ की, पोरांना आवडेल.” पण त्या काचेची चौकट छताच्या आतूनच बसते आणि डोक्यावरची इंच-दीड इंच जागा खाते. गंमत बघा, सीट खाली-वर करायची सोय बऱ्याचदा वरच्या मॉडेलमध्ये आणि सनरूफही वरच्या मॉडेलमध्ये. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं! म्हणून मधलं मॉडेल आवर्जून मागा. शोरूममध्ये बहुतेक वेळा सगळ्यात महागडीच उभी असते.

पण माझं खरं दुखणं गुडघ्यांचं. सीट मागे नेली की पाय सुटतात, पण मग हात स्टिअरिंगपर्यंत ताणावे लागतात आणि खांदे उशीपासून सुटतात. स्टिअरिंग वर-खाली होणं आणि आपल्याकडे ओढून घेता येणं या दोन वेगळ्या सोयी आहेत. पहिली आता पुष्कळ गाड्यांत मिळते. दुसरी छोट्या गाड्यांत क्वचितच. ब्रोशरमध्ये ‘अ‍ॅडजस्टेबल’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा विचारायचं, “दादा, पुढे-मागे होतं का?” क्लच पूर्ण दाबून बघायचा. दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि सोडताना तो स्टिअरिंगला किंवा लोंबणाऱ्या किल्लीला घासता कामा नये. मग उजवा पाय झटकन ब्रेकवर नेऊन बघायचा, एकदा नाही, दहादा. शोरूममधला मुलगा बघत राहिला तरी चालेल. मांडीखालची गादी गुडघ्याच्या बरीच आधी संपत असेल तर तासाभराने पाय भरून येतात, तेही बघा.

दुसऱ्या शोरूममध्ये एक मुलगी होती, जेमतेम पाच फुटांची. माझी टेप बघून म्हणाली, “ताई, माझी उलटी अडचण आहे. मला सीट इतकी पुढे घ्यावी लागते की स्टिअरिंग छातीलाच येतं.” छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात निदान दहा इंच अंतर हवं, नाहीतर अपघातात एअरबॅगचाच मार बसतो, हे तिला नेमकं माहीत होतं. तिने आधी माझ्यासाठी सीट लावली, मग गाडीबद्दल बोलली.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. गाड्या आदळून बघतात त्या चाचण्यांमध्ये जो पुतळा सगळ्यात जास्त वापरतात, तो सरासरी पुरुषाच्या मापाचा. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन ७७-७८ किलो. बाईचा म्हणून जो पुतळा वापरतात तो पाच फुटांच्या आतबाहेर आणि ४९ किलोच्या आसपास. तिकडे तो लहानखुऱ्या बाईचा नमुना समजतात, आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच तेवढी. आणि मी? त्या पुरुषी पुतळ्यापेक्षाही इंचभर वर! आपल्या देशाचं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. त्याचे तारे गाडीला मिळालेले असतात. तुम्ही सीटवर वाकून बसलात, पट्टा मानेला घासतो म्हणून काखेतून घेतलात, तर त्या ताऱ्यांचा उपयोग किती? म्हणून पट्ट्याचं वरचं टोक खांबावर वर-खाली होतं का, हेही मी बघितलं.

छोट्या गाड्यांच्या मागच्या सीटचं दुखणं मात्र सरकारी हिशोबातलं आहे. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत आहे, आणि आताच्या जीएसटीतही तीच रेघ आहे. चार मीटरच्या आत, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, तर अठरा टक्के. त्यापलीकडे चाळीस. म्हणून कंपन्या सगळं त्या चार मीटरमध्ये कोंबतात. पुढे माझ्यासारखी बसली की मागच्याचे गुडघे गेले! मी आमच्या लेकीला मुद्दाम माझ्या मागे बसवलं. ती बारावीला आहे, पाच फूट आठ. म्हणाली, “आई, पाय खिडकीतून बाहेर काढू का?” एक गाडी तिथेच बाद झाली. ती बिचारी कुठेही गेली तरी शेवटच्या बाकावर बसते, घरच्या गाडीत तरी तिने अंग चोरून का बसावं? शिवाय वर्षभरात लायसन्स काढून ती पुढे येणारच आहे.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमला एक वळसा घालून संपवतात. मी ढेबेवाडीच्या रस्त्याला न्यायचा हट्ट धरला, कारण रोजचा रस्ता तोच. गतिरोधकावर डोकं छताला लागतं का, सिग्नलचा दिवा बघायला मान खाली घालावी लागते का, मधला आरसा बरोबर डोळ्यांसमोर येऊन डावीकडून येणारी मोटारसायकल झाकतो का, हे चाळीस मिनिटांत कळलं. शोरूमच्या फरशीवर बसून कधी कळलं नसतं.

गाडी पाडव्याला घरी आली. तिचं नाव सांगत नाही, कारण माझे पाय लांब आहेत, तुमची कदाचित पाठ लांब असेल, आणि दोघींना एकच गाडी बसेल असं नाही. सनरूफ नाही, रंग शेवटी सासूबाईंनी ठरवला, पांढरा. मागच्या सीटवर लेकीचे पाय मावतात. आमचे हे चालवायला बसले की आधी सीट सात खाचा पुढे ओढतात आणि उतरताना मागे सारायला विसरतात. माझ्या जागेची खूण म्हणून रुळावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.