भट्टीखालची ओल जाळाने सुकत नाही

अंगणात पाव-पिझ्झ्यासाठी विटांची भट्टी बांधणाऱ्याला तळातल्या ओलीबद्दल विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: 'एवढा जाळ होणार, तिथे ओल टिकतेय कुठली?' हे इतक्या जणांकडून आणि इतक्या खात्रीने ऐकलंय, की एकदा हिशेबच मांडायला हवा.

भट्टीच्या फरशीखाली उष्णता अडवणारा थर असतो, बहुधा कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत त्याची घनता साधारण 200 ते 300 किलो प्रति घनमीटर दिलेली असते. म्हणजे बोर्डाचा जवळपास 90 टक्के भाग नुसती हवा. उष्णता अडते ती या कोंडलेल्या हवेमुळे. तिच्या जागी पाणी शिरलं की संपलं. स्थिर हवेपेक्षा पाणी वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेतं. 5 सेंटिमीटर जाडीचा एक चौरस मीटर बोर्ड पुरता भिजला तर 40 लिटर पाणी धरून बसतो. लिटरभर पाण्याची वाफ करायला सुमारे 2.6 मेगाज्यूल लागतात आणि किलोभर सुक्या लाकडातून मिळतात 15 च्या आसपास. म्हणजे नुसती ओल घालवायला 7 किलो लाकूड, तेही सगळी उष्णता खालीच गेली तर. ती तशी जात नाही हो! बरीचशी धुराबरोबर बाहेर पडते.

बरं, झालेली वाफ जाणार कुठे? वर तापलेल्या विटा, खाली थंड स्लॅब. वाफ खाली सरकते, स्लॅबशी तिचं पुन्हा पाणी होतं आणि बोर्ड ते परत शोषतो. पाणी आहे तोवर तो थर शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहतो. घुमट तापतो, फरशी निवते, पिझ्झ्याचं बूड कच्चं राहतं आणि दोष मात्र पिठाला दिला जातो.

'वरून वॉटरप्रूफ रंग मारला की झालं' हेही चूक. चौथऱ्यातला जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, काँक्रीटही जमिनीतलं पाणी वर ओढतं. रंगाने फक्त वाफेची वाट बंद होते. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आतली वाफ तिलाच लागून पुन्हा आत ठिबकते. बोर्डाऐवजी टाकलेला वाळूचा थर उष्णता अडवत नाही, ओली वाळू तर मुळीच नाही. पर्लाइट-सिमेंट कालवतानाच भरपूर पाणी घेतं; ते सुकायला आठवडे द्यावे लागतात.

म्हणून जे करायचं ते बोर्ड ठेवण्याआधी करा. चौथरा आणि स्लॅब यांच्यामध्ये ओल रोखणारा थर द्या. स्लॅब ओततानाच त्यात बोटभर रुंदीची आरपार भोकं ठेवा. वर मोझॅकच्या छोट्या टाइल्स फटी सोडून पसरा आणि त्यांवर बोर्ड ठेवा, म्हणजे पाणी फटींतून भोकांकडे जाईल. परवडत असेल तर बोर्डाखाली फोमग्लासची लादी घाला. तिच्या बंद पेशींत पाणी शिरत नाही. कोकणातल्या पावसात छपराला पर्याय नाही, आणि ते एवढं पुढे काढा की पागोळ्या चौथऱ्यापासून लांब पडतील. भट्टी आधीच भिजली असेल तर पहिल्याच दिवशी मोठा जाळ करू नका, वाफेच्या दाबाने विटा तडकतात. तोंड उघडं ठेवून रोज लहान जाळ करा आणि हळूहळू वाढवत न्या.