विद्यार्थी जास्त निराश असतात का?

विद्यापीठात शिकणारी मुलं त्याच वयाच्या, न शिकणाऱ्या मुलांपेक्षा जास्त निराश असतात का? दोन्ही गटांकडून एकच प्रश्नावली भरून घ्यावी आणि गुण ताडून पाहावेत, इतकं हे सोपं वाटतं. पण उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणाऱ्या मुलांत सुस्थितीतल्या घरांतली मुलं जास्त असतात आणि आर्थिक ओढाताणीचा मनावर परिणाम होतो. म्हणजे शिक्षणाचा ताण खरोखर असला, तरी घरच्या सुबत्तेमुळे तो सरासरीत दिसेनासा होऊ शकतो.

दुसरी अडचण प्रश्नांची. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड गोल्डबर्ग यांची ‘जनरल हेल्थ क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या छोट्या आवृत्तीत १२ प्रश्न आहेत. लक्ष लागतं का, काळजीनं झोप उडाली आहे का, निर्णय घेता येतात का? उत्तर मात्र ‘नेहमीच्या तुलनेत’ द्यायचं असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं झोप न लागणारा माणूस ‘नेहमीइतकंच’ म्हणून सुटू शकतो, तर परीक्षेच्या आठवड्यात प्रश्नावली भरणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण तात्पुरते वाढू शकतात. शिवाय ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान तज्ज्ञच करतात.

यातल्या पहिल्या अडचणीवर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी वाट शोधली. इंग्लंडमधल्या दोन पिढ्यांच्या जवळजवळ ११ हजार तरुणांची माहिती त्यांनी तपासली. एक पिढी २००७ ते ०९ या काळात १८-१९ वर्षांची होती, दुसरी २०१६ ते १८ मध्ये. कौटुंबिक परिस्थिती आणि आधीचं मानसिक आरोग्य त्यांनी हिशेबात धरलं. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये निष्कर्ष आले. जुन्या पिढीत दोन्ही गटांत फरक आढळला नव्हता. नव्या पिढीत विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणं किंचित जास्त होती. पंचविशीत मात्र पदवीधर आणि इतर यांच्यात फरक उरला नाही.

उच्च शिक्षणातला हा धोका पूर्णपणे दूर झाला, तर १८-१९ वर्षांच्या तरुणांमधलं नैराश्य आणि चिंता किती घटेल? संशोधकांचा अंदाज होता सुमारे ६ टक्के. विद्यार्थ्यांना समुपदेशन हवंच. पण उरलेलं ओझं आवाराबाहेरच्या, दुकानात, कारखान्यात किंवा घरी बसलेल्या तरुणांच्याही वाट्याला आहे. त्यांच्यापर्यंत न पोहोचणारी व्यवस्था अपुरीच ठरणार.