काचपेटीतले तळे

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. मुलाच्या वाढदिवसाला काचेची पेटी घरी येते. तीत रंगीत खडे पडतात, एखादा प्लॅस्टिकचा किल्ला उभा राहतो, दहाबारा मासे सोडले जातात आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांतले निम्मे मासे पोट वर करून तरंगू लागतात. मग कोणी म्हणतो, दुकानदाराने रोगट मासे गळ्यात मारले. कोणी म्हणतो, खाणे कमी पडले. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असल्यामुळे त्याचा संशय कोणालाच येत नाही. आमच्या मते अशा दहांपैकी आठ प्रसंगी अपराधी पाणीच असते. म्हणून माशांच्या जाती, त्यांचे रंग यांची चर्चा मागे ठेवून आज पाण्याचाच विचार आधी करू.

या विचाराला शास्त्रीय वळण लावण्यात इंग्लंडमधल्या एका बापलेकांचा मोठा वाटा आहे. बापाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, लेकाचेही तेच. थोरले वॉरिंग्टन लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रसायनज्ञ होते. १८४९ साली त्यांनी बारा गॅलनांचे एक भांडे घेतले, तळाशी वाळू व माती घातली, व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि त्यात दोन लहान सोनमासे सोडले. प्राणी कर्बवायू सोडतात आणि वनस्पती उजेडात तो घेऊन प्राणवायू देतात, हे प्रीस्टली व इंगेनहाउस यांच्या प्रयोगांनी अठराव्या शतकातच कळले होते. या दोहोंची सांगड पाण्यात बसते का, हे वॉरिंग्टनना पाहावयाचे होते. प्रथम सारे ठीक चालले. पण पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. तेव्हा त्यांनी त्यात पाचसहा गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने व थर खाऊन टाकला, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. पाणी न बदलता ही वसाहत महिनोन् महिने टिकली. १८५० साली त्यांनी हा वृत्तान्त लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, आणि मग घरोघर काचपेट्यांचे वेडच लागले.

“वनस्पती प्राणवायू देतात म्हणून मासे जगतात” हे तेव्हापासूनचे वचन आजही दुकानादुकानांतून ऐकू येते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. वनस्पती उजेडातच प्राणवायू सोडतात. रात्री त्या आपल्यासारख्याच तो वापरतात. पेटीत मासे व वनस्पती दाटीने भरल्या असतील तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, त्याचे कारण हेच. पाण्याला बराचसा प्राणवायू मिळतो तो हवेतून, पृष्ठभागावाटे. गोल वाडग्यात गळ्यापर्यंत पाणी भरले की पृष्ठभाग तळहाताएवढा उरतो. म्हणून तो वाडगा कितीही शोभिवंत असला तरी माशांच्या दृष्टीने ती कोठडीच आहे.

पण पहिल्या पंधरवड्यातले मासे बहुधा प्राणवायूवाचून मरत नाहीत. ते मरतात अमोनियाने. मासा आपल्या शरीरातला नत्रयुक्त टाकाऊ भाग मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेले खाणे कुजून त्यात भर पडते. नदीत हे सारे वाहून जाते, तळ्यात पांगते. पेटीत मासा आपल्याच उत्सर्गात पोहत राहतो. अमोनिया पाण्यात विरघळला की दिसत नाही. शिवाय पाणी जितके उष्ण आणि जितके क्षारधर्मी, तितका तो अधिक विषारी होतो.

मग तळ्यातला अमोनिया जातो कोठे? १८७७ साली श्लेझिंग व म्यून्त्झ या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी याचा छडा लावला. त्यांनी एका लांब नळीत वाळू व चुनखडीची पूड भरली आणि गटाराचे पाणी तीतून अगदी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून गेलेला अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. नंतर मात्र तो कमी कमी होत नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. हा नुसता रासायनिक खेळ असता तर वीस दिवस थांबण्याचे कारण नव्हते. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. पुढे थोड्या मातीची निवळ घातली. ती पुन्हा सुरू झाली. वाळूच्या कणांवर जिवंत असे काही तरी वसले होते, आणि वसायला त्याला वीस दिवस लागले होते.

इथे वॉरिंग्टनांचे चिरंजीव येतात. रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी दाखविले की हे काम दोन पायऱ्यांनी होते: एक जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. ते जीवाणू वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. ते यश १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. नायट्राइटही माशाला घातकच. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. बापाने वनस्पतींचा एक उपकार सांगितला. मुलाच्या शोधानंतर दुसरा नीट लक्षात येतो. पाणवनस्पती अमोनिया खत म्हणून थेट उचलतात. आमच्या दृष्टीने लहान पेटीत हाच उपकार मोठा.

आता प्रत्यक्ष पेटीकडे वळू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी घरात पुरे. तीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. काच व वाळू धरून वजन एका मोठ्या माणसाएवढे होते, तेव्हा तिला डुगडुगत्या फळीवर ठेवू नये. ऊन थेट पडेल अशी खिडकीही नको. नाही तर चार दिवसांत पाणी हिरवे होते. तळाशी बोटाच्या एका पेराएवढा साध्या, खत न घातलेल्या मातीचा थर द्यावा आणि वर तेवढीच धुतलेली जाडसर वाळू. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवावी, म्हणजे माती उधळत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्याने बराचसा उडून जातो. जेथे पालिका क्लोरामाइन वापरते तेथे मात्र तो उडत नाही. तेथे क्लोरीन मारणारे औषध घालावे. पूर्वी छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत, तेच सोडियम थायोसल्फेट बहुधा त्यात असते.

वनस्पती पहिल्या दिवसापासून दाट लावाव्यात. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेरॅटोफायलम या तिन्ही आपल्याच देशाच्या तळ्यांत वाढणाऱ्या आणि काटक आहेत. दिवा आठ तास पुरे. आणि मग थांबावे. मुलांना हे सर्वांत कठीण जाते, मोठ्यांना त्याहूनही! रोज माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकावी. ती कुजून जीवाणूंना अन्न मिळते. चार ते सहा आठवड्यांनी दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या थेंबांनी पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की चारपाच मासे सोडावेत, आणि पंधरा दिवसांनी आणखी तितकेच.

मासे लहान जातीचे निवडावेत. सोनमासा इथे नको. तो वीतभर वाढतो आणि अमोनियाही त्याच प्रमाणात सोडतो. त्यापेक्षा आपला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा घ्यावा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासला जातो.

पुढची निगा थोडकी आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. निरोगी, वाढलेला मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. गावी जाताना शेजाऱ्यांकडे डबा सोपवून गेल्यास मायेपोटी तो एका दिवसात रिकामा होण्याचा धोका अधिक! आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे. गाळणीचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये. जीवाणूंची वस्ती त्यातच असते आणि क्लोरीन तिला मारतो. काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा. पेटी झळझळीत धुऊन काढणाऱ्या घरी मासे पुन्हा मरतात ते यामुळे.

हे दिवस वैशाखाचे असल्याने आणखी एक. २० अंश तपमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि नेमका साठा घटतो. झाकण काढून जाळी बसवावी व पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा; माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने हेही दोनतीन अंश उतरते.

कंटाळा आला म्हणून किंवा दया म्हणून मासे नदीत सोडणे मात्र सर्वथा वर्ज्य. काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा फूटभराहून मोठा होतो, पेटीत मावेनासा झाला की लोक तो नदीत टाकतात. आज उजनीच्या जलाशयात तो कोळ्यांच्या जाळ्यांत भरतो आणि जाळी फाडतो. नको असलेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. छाटलेल्या वनस्पती नाल्यात न टाकता उन्हात वाळवून कुंडीत घालाव्यात. दर आठवड्याला काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतेच. ते मोरीत ओतण्यापेक्षा तुळशीला घालावे.