आधी पंख पाहा, मग पंप उचला

पावसाळा सरत आला की गेवराईकडे कुणाच्याही बांधावर एकच तक्रार ऐकू येते, "तुडतुडे लई झालेत!" कपाशीवर तुडतुडे, ज्वारीत तुडतुडे, उसावरही तुडतुडेच. नाव एक, किडी मात्र तीन. त्या ओळखायच्या त्यांच्या पंखांवरून.

कपाशीवरचा तुडतुडा फिकट हिरवा, पाचरीसारखा, तिरपा चालणारा. त्याच्या प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. पिल्लांना पंख नसतात. ती पानामागे मोजावीत. पानागणिक २ ते ३ भरली, की फवारणीचा विचार करावा.

ज्वारीचा पोंगा उकला. काहींचे पंख लांब, पोटापलीकडे जाणारे. काहींचे इतके आखूड की निम्मे पोट उघडे. वाटते, दोन जातींची कीड पडली. तसे नाही, कीड एकच! पोंगा कोवळा असेतो आखूड पंखांच्या माद्या तिथेच रस शोषतात, तिथेच अंडी घालतात. गर्दी झाली की लांब पंखांचे निपजतात आणि दुसरे रान गाठतात. म्हणून आखूड पंख दिसले तर कीड बिऱ्हाड करून राहिली आहे असे समजावे. पोंग्याकडे मुंग्यांची रांग लागली असेल, तर तीही खूणच.

पैठणच्या उजव्या कालव्यावर ज्यांचा ऊस आहे, त्यांनी जास्त जपावे. उसावरची पाकोळी वाळल्या गवताच्या रंगाची, तोंड चोचीसारखे पुढे आलेले, पंख छपरासारखे उतरते. पिल्लांना मागे दोन पांढऱ्या शेपट्या. पण त्याच पानावर एक बारीक काळा पतंगही दिसेल. त्याला मारू नका! त्याचे नाव एपिरिकॅनिया. त्याची पांढरी अळी पाकोळीच्या पाठीवर बसून तिलाच शोषते, आणि पुढे पानावर पांढरे कोष करते. असे कोष दिसत असताना फवारा मारला तर राखणदार आधी मरतो, आणि उरलेल्या पाकोळीला रान मोकळे होते. उलट हे कोष पानासकट कापून, राखणदार नसलेल्या उसात हेक्टरी ४ ते ५ हजार टाचावेत.

ठिपका नीट दिसत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला दाखवा, त्याची नजर तरणी असते. तरीही उलगडा झाला नाही, तर कीड पानासकट बाटलीत घालून खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. तोवर पंप खुंटीलाच राहू द्या.