बाळापेक्षा सतरा वर्षांनी लहान घर

सीएसएमटीच्या गर्दीतून सुटून रस्ता ओलांडला आणि जेजे कलाशाळेच्या आवारात शिरलं, की पहिली जाणवते ती सावली. दुसरी गोष्ट म्हणजे हॉर्नचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरतो. या झाडीतच डीनचा बंगला आहे. बाहेरचे लोक त्याला किपलिंगचा बंगला म्हणतात. मुंबईतली वारसा-घरं म्हटली की खांब आणि घुमट डोळ्यांपुढे येतात, त्या मानाने हे प्रकरण अगदी घरगुती. हिरवा रंग, उतरतं छप्पर, पुढे पोर्च, लाकडी कठडे आणि वळचणीला लाकडी झालर. पोर्चजवळ रडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा आहे आणि त्याचा जन्म इथे झाल्याची पाटी.

पाटीवरची तारीख खरी आहे, ३० डिसेंबर १८६५. गोंधळ आहे तो ‘इथे’ या शब्दात. समोर दिसणारा बंगला बांधला गेला १८८२च्या सुमाराला. तोवर बाळ जवळजवळ सतरा वर्षांचं होऊन, शिकायला इंग्लंडला गेलेलं, परतीच्या बोटीचे दिवस मोजत होतं. जन्म झाला तो याच परिसरातल्या एखाद्या छोट्या घरात, आणि ते घर आता नाही.

मी हे दारावरच्या काकांना सांगितलं. काका ठाम होते. वरच्या एका खिडकीकडे बोट करून म्हणाले, “साहेब, त्या खोलीत. सगळे पाव्हणे तिथलाच फोटो काढतात.” फोटो निघतात म्हणजे पुरावा झालाच! मीही काढला.

किपलिंगची कथा सर्वांना पाठ आहे, मोगली आणि १९०७चं नोबेल. साम्राज्याचा पुळका असलेला कवी म्हणून शिव्याही पाठ आहेत. मला त्याच्यापेक्षा त्याचे वडील जवळचे वाटतात. लॉकवुड किपलिंग १८६५ साली, लग्नानंतर लगेचच, वास्तुशिल्प शिकवायला मुंबईत आले. जेजेची स्थापना १८५७ची, पण आजची दगडी इमारत पूर्ण झाली १८७८ साली, म्हणजे मास्तर आले तेव्हा शाळेला स्वतःची धड इमारतही नव्हती. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची कोरीव शिल्पं लॉकवुडची. पुढे म्हातारपणी लेकाने लिहून ठेवलं आहे, की तो आयेबरोबर फळबाजारात जायचा, नोकरांशी हिंदुस्थानीतच बोलायचा आणि आईबाबांपुढे जाताना इंग्रजीत बोलायची आठवण त्याला करून द्यावी लागायची. त्या ‘लहानशा घराच्या’ बागेत एकदा गिधाडाने टाकलेला लहान मुलाचा हात सापडला होता, अशीही एक आठवण आहे. मलबार हिलचे पारशी दोखमे इथून बरेच लांब. पण गिधाडाला कसलं अंतर?

पुतळ्याकडे पाठ केली तरच हा बंगला नीट दिसतो. १८८२ साली रस्त्यापलीकडे व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी स्टेशन बांधलं जात होतं आणि त्यावरचे प्राणी, पानं, फुलं घडवत होते जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखालचे जेजेचे विद्यार्थी. हेच ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेत होते. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. समोर दगडाचा एवढा मोठा उद्योग चाललेला असताना, अलीकडे मास्तरांसाठी लाकडाचं घर उभं राहिलं. ‘बंगला’ हा शब्दच मुळी बंगालच्या झोपडीवरून आलेला. तिचं छप्पर साहेबाला आवडलं, त्याला त्याने व्हरांडा जोडला आणि तेच नाव विलायतेपर्यंत नेलं.

झाडाच्या पारावर एक विद्यार्थिनी वळचणीची झालर कागदावर उतरवत होती. तिसऱ्यांदा खोडून झालं होतं. “सोपं वाटलं म्हणून हे घेतलं,” ती म्हणाली. “समोरचा घुमट काढला असता तर आत्तापर्यंत घरी गेले असते. दगडाची सावली एका जागी बसते हो. इथे पान हललं की सगळी झालर हलते.” मी मान वर करून पाहिलं. नक्षीच्या भोकांतून आलेलं ऊन खालच्या फळीवर नक्षीची दुसरी, तिरकी ओळ काढत होतं. लाकूड कापणाऱ्या सुताराला ही दुसरी ओळ ठाऊक असणारच. त्याचं नाव मात्र पाटीवर नाही.

या घरात अनेक वर्षं जेजेचे डीन राहिले. इथे चहा झाले असतील, पोरांची कानउघाडणी झाली असेल, चित्रांवर वाद पेटले असतील. नंतर ते राहायचे थांबले, बंगला बरीच वर्षं ओस पडला, रंगाचे पापुद्रे सुटले. संग्रहालय करायचं, तर त्यात काय ठेवायचं, किपलिंग की इथले चित्रकार, यावरही चर्चा रंगल्या. माझं मत विचाराल तर चित्रकार. जो इथे राहिलाच नाही त्याला अर्धपुतळा पुरे.

मी बोलत असताना मुलीने पेन्सिल खाली ठेवली. “काका, थोडं बाजूला व्हाल? तुमची सावली पडतेय कागदावर.”

मी सरकलो. तेवढ्यात फाटकातून चारपाच पर्यटक आले आणि दारावरचे काका उठून वरच्या खिडकीकडे बोट दाखवू लागले.