पुळण, मर्यादवेल आणि सेंट अँड्र्यूज

रत्नागिरीत गोल्फवर व्याख्यान, हे ऐकून काहींना नवल वाटलं असेल. पण विषय खेळापेक्षा जमिनीचा आहे, आणि तशी जमीन आपल्या ओळखीची आहे. भाट्याची पुळण डोळ्यांसमोर आणा. भरतीच्या रेषेपलीकडे सुरूच्या बनापर्यंत नुसती वाळू. तिथं भात पिकत नाही. मर्यादवेल तेवढी पसरते आणि वाळू धरून ठेवते.

स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेती यांच्यामधल्या अशाच वालुकामय, उंचसखल, गवताळ पट्ट्याला 'लिंक्स' म्हणतात. सेंट अँड्र्यूजचं 'ओल्ड कोर्स' हे मैदान अशा जमिनीवर आहे. ते कुणी एकानं आखलेलं नाही. वारा, मेंढ्या, ससे आणि खेळणाऱ्यांची पावलं यांनी ते घडवलं. वाऱ्यापासून आडोसा घ्यायला मेंढ्या जिथं बसायच्या, तिथले खळगे पुढे 'बंकर' झाले, असं मानतात. आज तिथं शंभराहून अधिक बंकर आहेत. १७६४ साली तिथं १८ होल ठरले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

आता मुख्य मुद्दा. ही जमीन गावाच्या हातात राहिली कशी? १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेत सशांचा हक्क त्यांच्याकडे राहिला, पण तिथं खेळायचा नागरिकांचा हक्क लेखी मान्य झाला. तरीही १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं ती जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. मग भांडणं, कोर्टकचेऱ्या! १८२१ मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदारानं ती विकत घेतली, आणि १८९४ मध्ये संसदेच्या कायद्यानं ती पुन्हा नगराची झाली. आजही ते मैदान सार्वजनिक आहे. एरवी रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन फिरायला येतात.

आपल्याकडे पुळणीवर मासळी सुकते, होड्या ओढून ठेवतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. हे सगळं बहुतेक वहिवाटीवर चालतं. मच्छीमारांच्या सामाईक जागा किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यात दाखवायच्या, अशी तरतूद २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत होती. तेव्हा आपल्या गावाचा नकाशा एकदा काढून बघा. आपली पुळण त्यात कोरी दिसते, की तिचा वापर नोंदलेला आहे? कोरी दिसली, तर ग्रामसभेत विषय काढा. वहिवाट कागदावर आली, की ती सांभाळणं सोपं जातं.